तो का आपला सोयरा होता?

या वेळचं पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलंय. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. नागपूरच्या ज्या कार्यक्रमाचा उल्लेख आहे त्याचं नावही मुद्दाम दिलेलं नाही. बाकी पत्र तिच्याच शब्दांत.

*ताई,*

*मी २१ वर्षांची आहे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तालुक्याला एसटीने जाते, आणि सध्या कॉलेजपेक्षा वावरातच जास्त असते, कारण कापूस फुटलाय.*

*मला गाण्यांचं वेड आहे. मोठ्या भावाच्या मेमरी कार्डात शंभरेक गाणी होती, त्यातली निम्मी केके या गायकाची. ती ऐकतच मी मोठी झाले. पुढे फोनवर चाहत्यांचा एक गट मिळाला. आम्ही तेवीस जण. कोलकात्याची एक, आसामची एक, इंदूरचे दोघं भाऊ, बाकी कुठले कुठले. कुणी कुणाला भेटलेलं नाही. कुणाचाही कार्यक्रम असला की आठ दिवस आधीपासून आम्ही दिवस मोजतो. जो जाईल त्याने बाकीच्यांसाठी व्हिडिओ टाकायचा, असा आमचा नियम.*

*३१ मे २०२२ ला कोलकात्याची मैत्रीण तिथल्या नजरुल मंच सभागृहात केकेच्या कार्यक्रमाला होती. ती व्हिडिओ टाकत होती आणि मी मच्छरदाणीत फोन घेऊन बघत होते. एकात केके टॉवेलने तोंड पुसत होते, घामाने भिजलेले. मी खाली लिहिलं, ‘आग लावली बाप्पा!!’ आणि आगीची तीन चित्रं टाकली. रात्री बातमी आली. मी मेसेज पुसायला धावले, पण सगळ्यांसाठी पुसायची मुदत निघून गेली होती. तो अजून तिथंच आहे.*

*सकाळी आई म्हणाली, डोळे काऊन सुजले वं? बाबा म्हणाले, ‘तो का आपला सोयरा होता? कोन मेलं तुहं?’*

*त्याच पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका काकांनी जीव दिला. लहानपणी त्यांच्या बंडीत बसून मी शाळेत जायची. त्यांच्यासाठी मला रडूच आलं नाही. एक थेंब नाही. तेव्हापासून मी काकूंच्या दारासमोरून जात नाही, मागच्या गल्लीने जाते.*

*यंदा, १९ सप्टेंबर २०२५ ला आसामचे गायक झुबीन गर्ग गेले. आसामची मैत्रीण त्यांच्या सिंगापूरच्या कार्यक्रमाचे दिवस मोजत होती, एकच दिवस उरला होता. सगळ्यांनी तिला धीर दिला. मला एक अक्षर लिहिता आलं नाही. आता डिसेंबरमध्ये नागपुरात मोठा कार्यक्रम आहे. गटातले सात जण येणार, पहिल्यांदा भेटणार. माझं तिकीट कोलकात्याच्या मैत्रिणीने काढून ठेवलंय. सगळे रोज आकडा टाकतात, चाळीस, एकोणचाळीस, आणि प्रत्येक आकड्याला माझ्या पोटात गोळा येतो. वाटतं, आपण आनंद केला की कुणीतरी जातं. मी वेडी आहे का? वाईट आहे का? गटात काय लिहू?*

*– स.*

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या खेपेला वाटलं, गाण्यांबद्दल आहे. दुसऱ्या खेपेला ‘मागच्या गल्लीने जाते’ इथं अडकले. तिकडे मी येणारच आहे, पण आधी तुझ्या बाबांचा प्रश्न घेऊ.

त्यांच्यावर रागावू नकोस. आपल्याकडे कुणी गेलं की काय करायचं ते ठरलेलं असतं. मातीला जायचं, आल्यावर बाहेरच आंघोळ करायची, त्या घरची चूल पेटत नाही म्हणून शेजारणीने पिठलं-भाकर न्यायची, दहा दिवस बसायला जायचं, मग तेरवी. कोणी किती जवळ उभं राहायचं हेसुद्धा नात्यावरून ठरतं. ‘तो का आपला सोयरा होता’ असं बाबा म्हणाले, त्यात टोमणा थोडा असेल, पण खरं तर ते विचारत होते की यात आपण आता करायचं काय. त्यांना उत्तर सापडलं नाही, तुलाही नाही. तू उठून पाणी भरलं असशील, शेण काढलं असशील, आणि आठ दिवसांत मृग लागला म्हणून पेरणीच्या धांदलीत शिरली असशील. ना आंघोळ, ना तेरवी. साडेतीन वर्षं ते तसंच अंगावर वागवते आहेस.

माझे आजोबा अमरावती जिल्ह्यातले, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, मग भजन. भजनाआधी ते खंजिरीचं कातडं चुलीच्या विस्तवावर शेकायचे आणि टिचकी मारून कानाशी धरायचे. पुन्हा शेकायचे, पुन्हा टिचकी. आम्ही पोरं कंटाळून जायचो. तुकडोजी महाराजांना त्यांनी जन्मात दोनदा ऐकलं होतं, तेही हजारोंच्या गर्दीत, लांबून. ११ ऑक्टोबर १९६८ ला महाराज गेले. मी सहा वर्षांची होते, त्यामुळे पुढचं आईकडून ऐकलेलं जास्त, पाहिलेलं कमी. आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. शेवटी आजी चिडली. म्हणाली, ‘महाराज का आपल्या घरी जेवाले येत होते?’ आजोबा म्हणाले, ‘ते नव्हते येत. मी जात होतो ना.’

हे उत्तर घे, आमच्या घरचंच आहे.

महाराजांच्या आश्रमात, मोझरीला, अजूनही दर वर्षी अश्विन वद्य पंचमीला सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो माणसं जागच्या जागी मौन उभी राहतात. नुकतीच झाली यंदाची. महाराजांना डोळ्यांनी पाहिलेले त्यात आता किती उरले असतील? सहा डिसेंबरला आपल्याकडून गाड्या भरून माणसं दादरला चैत्यभूमीवर जातात, त्यातल्या बहुतेकांचा जन्मच १९५६ नंतरचा. तुझ्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ ला अख्ख्या कुटुंबासह जीव दिला. अलीकडे त्या तारखेला ठिकठिकाणी लोक दिवसभर अन्न सोडतात. त्यांत सोयरे कितीसे असतील? आणि बाबांनाच एकदा विचार, ६ फेब्रुवारी २०२२ ला, रविवारी, लताबाई गेल्या तेव्हा ते टीव्हीसमोरून किती वेळ उठले नव्हते. तुझ्या केकेच्या चारच महिने आधीची गोष्ट. मी पैज लावते, त्या दिवशी आईने त्यांना सोयऱ्याबद्दल विचारलं नसेल.

पण बघ, या सगळ्या ठिकाणी शरीराला काहीतरी करावं लागतं. उभं राहावं लागतं, गाडीत चेंगरून जावं लागतं, उपाशी राहावं लागतं. आणि त्याला दिवस ठरलेला असतो, बाकीचे दिवस माणूस मोकळा. तुझ्या दुःखाच्या वाट्याला फक्त एक अंगठा आला, स्क्रीनवर वर-खाली फिरणारा, आणि त्याला दिवसही नाही. म्हणून ते कधीही येतं. एकोणचाळीस या आकड्यावरसुद्धा येतं.

३१ मे ला तूही काहीतरी ठरव. काय ते मी सांगणार नाही. एवढंच की फोन हातात नको. त्या दिवसांत आपल्याकडे रात्रीसुद्धा अंगण तापलेलं असतं. अंगणात पाणी शिंपडून, बाजेवर बसून, त्या मेमरी कार्डातली गाणी सगळ्यांना ऐकू जातील अशी लावलीस तरी चालेल. शेजारची पोट्टी येऊन बसतीलच.

आता ती तीन आगीची चित्रं.

केके त्या दिवशी ५३ वर्षांचे होते. कॉलेजचं स्नेहसंमेलन, मंच गच्च भरलेला, क्षमतेपेक्षा जास्त माणसं आत असल्याच्या बातम्या नंतर आल्या. ते घाम पुसत गात राहिले. शेवटचं गाणं त्यांनी ‘पल’ म्हटलं, १९९९ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमचं नावही तेच. मग हॉटेलवर गेले, तिथं कोसळले, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. हृदयविकाराचा झटका, असं शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात आलं. आता विचार कर. त्या सभागृहात त्यांच्यापासून दहा हातांवर माणसं होती, मागे वाजवणारे होते, मंचाच्या बाजूला त्यांची स्वतःची माणसं होती. त्यांना ते दिसलं नाही. गायकाच्या अंगावरचा घाम पाहून कुणी दवाखाना आठवत नाही, टाळी वाजवतं. आणि हजार किलोमीटरवर मच्छरदाणीत, हातभर उजेडात बसलेल्या साडेसतरा-अठरा वर्षांच्या पोरीला ते दिसायला हवं होतं, असं तू म्हणतेस.

तू जे लिहिलंस ते त्या क्षणाला खरं होतं. आपल्याकडे ‘आग लावली’ याहून मोठी दाद नाही. त्यांनी ती वाचली नाही. वाचली असती तर हसले असते, आणि कोणालातरी त्यांना ‘बाप्पा’चा अर्थ सांगावा लागला असता.

मेसेज पुसू नकोस. उलट तो शोध, बोटाने उजवीकडे सरकव म्हणजे त्याला उत्तर देता येतं, आणि त्याखाली लिही की हे मी त्या रात्री लिहिलं होतं, तेव्हा माहीत नव्हतं, आणि अजून झोपताना हे डोळ्यांसमोर येतं. बस. मला वाटतं, पहिलं उत्तर कोलकात्याहून येईल. तू तीन चित्रं टाकलीस, पण व्हिडिओ तिने काढलाय. ती तिथं उभी होती, नाचली असेल, ओरडली असेल, आणि घरी पोचेपर्यंत हे. तिच्या फोनमध्ये ते सगळं अजून आहे. तुझं तिकीट तिने उगाच काढलं असेल असं मला वाटत नाही.

इथं जरा वाट सोडून एक सांगते. थंड ठिकाणी बसूनही घाम फुटणं, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटणं, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, धाप लागणं, यातलं काही दिसलं तर ‘पित्त झालं’ म्हणून जिऱ्याचं पाणी देत बसायचं नाही. माझ्या थोरल्या दिरांना आम्ही सोड्याचं पाणी पाजत दोन तास घरी ठेवलं होतं. ते वाचले ते नशिबाने, आमच्या हुशारीने नव्हे. १०८ ला फोन करायचा, माणसाला चालू द्यायचं नाही. आईबाबांना हे एकदा सांगून ठेव. केकेची आठवण म्हणून सांग हवं तर.

‘आपण आनंद केला की कुणीतरी जातं.’ हे तुझं एकटीचं नाही. माझी आजी म्हणायची, लय हासू नये, मंग रडा लागते. दुपारी पोरं खिदळायला लागली की ती हातातलं सूप आपटायची. तिच्या बाराव्या वर्षापासून तिने घरात इतकी मरणं पाहिली होती की हसण्यालाच ती घाबरायची. तिचं मी समजू शकते. तुझ्याकडे मात्र एक गोष्ट आहे जी आजीकडे नव्हती. तुमच्या गटात सगळं लिहिलेलं आहे. एखाद्या रात्री वर सरकवत जा आणि मोज. किती कार्यक्रमांचे दिवस मोजलेत, आणि त्यातल्या कितींच्या दुसऱ्या दिवशी फक्त ‘गळा बसला’, ‘चप्पल हरवली’, ‘परीक्षा बुडाली’ एवढंच लिहिलं गेलंय. वहीत दोन रकाने कर. मला आकडा माहीत नाही, पण कोणता रकाना पानभर जाईल ते माहीत आहे.

आता मागची गल्ली.

तू विचारतेस, गायकासाठी रडले, काकांसाठी नाही, मी वाईट आहे का. पोरी, केके गेले त्या रात्री अख्खा देश रडत होता. टीव्हीवर गाणी लागली होती, गटात बावीस जण होते. रडायला सगळी सोय होती. काका गेले तेव्हा काय होतं? पंचनामा. तलाठी. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज सोसायटीचं की बँकेचं, प्रकरण पात्र होतं की अपात्र, एक लाखाची मदत मिळते की नाही. पारावर बसलेले लोक असं बोलतात जसं पिकाचा पंचनामा चाललाय. त्यात पोरीबाळींनी रडायचं कुठं?

आणि एक अंदाज करते, चुकला तर सांग. तू रडली नाहीस कारण तू घाबरली होतीस. त्या रात्री जेवताना तू काकांचा विचार करत नव्हतीस, बाबांकडे बघत होतीस. किती खाल्लं, किती बोलले, उठून कुठं गेले. आपल्या भागातल्या कापसाच्या घरांमध्ये लेकी हे करतात, कुणाला न सांगता करतात, मी वर्षानुवर्षं अशा पोरींची पत्रं वाचते आहे. भीती असली की डोळे कोरडे राहतात. अश्रूंवरून माया मोजायची तर आपल्याकडची अर्धी माणसं निर्दयी ठरतील, माझ्या वडिलांपासून सुरुवात करावी लागेल.

पण काकूंच्या दारासमोरून जायचं टाळतेस, हे मात्र मला पटत नाही. तुझ्या बाजूने तो अपराधीपणा आहे. त्यांच्या बाजूने बघ. ज्या पोरीला आपल्या माणसाने बंडीत बसवून शाळेत पोचवलं, ती साडेतीन वर्षांत उंबऱ्यावर आली नाही. जीव दिलेल्या माणसाच्या घराकडे लोक आधीच कमी जातात. काय बोलावं सुचत नाही म्हणून जात नाहीत, आणि घरच्यांना वाटतं, आपल्याला वाळीत टाकलं.

सुचायची गरज नाही. सध्या वेचणी आहे. सीतादही, वेचणीच्या सुरुवातीची पूजा, होऊन गेली असेल तुमच्याकडे. काकू स्वतःच्या वावरात वेचत असतील नाहीतर दुसऱ्याच्या, किलोच्या भावाने. एका सकाळी ओढणी कमरेला बांध आणि त्यांच्या शेजारच्या ओळीला लाग. वेचताना कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, दोघींची नजर बोंडावर. वाळलेल्या बोंडाचं टोक नखाच्या कडेला लागतं, रक्त येतं, बोट तोंडात घालून माणूस पुढच्या झाडाकडे जातो. दोन तास काही बोललं नाही तरी खटकत नाही. मग कधीतरी तू म्हणशील, काका बंडीतून न्यायचे तेव्हा अमुक झालं होतं. बैलाचं नाव तुला आठवत असेलच, तिथूनच सुरुवात कर. रडू येईल किंवा येणार नाही, त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. संध्याकाळी कापूस मोजून झाला की त्यांच्यासोबत त्यांच्या दारापर्यंत पुढच्या गल्लीने चालत ये.

आणि बाबांकडे बघत बसण्यापेक्षा त्यांना सरळ विचारत जा. ‘बाबा, यंदा किती झालं, किती फिटणार?’ त्यांना आवडणार नाही, पण विचार. त्यांचं बोलणं, खाणं एकदम कमी झालं, हातातल्या वस्तू वाटायला लागले, निरवानिरवीची भाषा आली, तर एकटीने ओझं घेऊ नकोस. भावाला सांग, आशाताईला सांग. टेली मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो तुझ्यासाठीही आहे. झोप उडाली, घास उतरेना, किंवा काकांनी केलं तसं काही तुझ्या मनात एकदा जरी आलं, तर माझ्या पुढच्या उत्तराची वाट न बघता तो फिरव. वेडी नाहीस तू, हे मी खात्रीने सांगते. पण खात्रीच्या माणसालाही कधी कधी दुसऱ्याशी बोलावं लागतं.

आसामच्या मैत्रिणीचं. दीड महिना झाला, आता काय लिहू, असं तुला वाटत असणार. आपल्याकडे मातीला पोचता आलं नाही तर माणूस तेरवीला येतो, तेरवी चुकली तर दिवाळीला येतो, आणि उशिरा आलेल्यालाच बसून सगळं ऐकावं लागतं. गर्दी गेल्यावर आलेला माणूस घरच्यांच्या लक्षात राहतो. तू आता जा. हात जोडलेली तयार चित्रं पाठवू नकोस, ‘भावपूर्ण’ हा शब्द तर मुळीच नको. चौकातल्या फ्लेक्सवर वाढदिवसाचाच फोटो फुलांच्या चौकटीत घालून तो शब्द लिहितात तेव्हापासून माझा त्याच्यावरचा विश्वास उडालाय. तिला विचार, झुबीनचं पहिलं गाणं कुठं ऐकलंस? आपल्याला इकडे ‘या अली’ माहीत, २००६ सालचं, तेवढंच. तिच्याकडे आणखी शेकडो असतील. गुवाहाटीत रस्त्यावर उतरलेली माणसं ‘मायाबिनी’ गात होती, ते तिला सांगू दे, अर्थ समजावू दे. त्यांना २३ सप्टेंबरला निरोप दिला, त्या दिवशी ती कुठं होती ते विचार. उत्तर लांबलचक येईल. वाच.

एक काळजी मात्र घे. सुरुवातीला स्कूबा डायव्हिंग करताना गेले अशी बातमी पसरली, मग पोहताना बुडाले असं समोर आलं, पुढे तपास सुरू झाला आणि त्यासोबत शंभर गोष्टी फिरायला लागल्या. त्यातली एकही तिच्याकडे ढकलू नकोस. शेवटच्या क्षणांचे व्हिडिओ तर नकोच. तुला माहीत आहे, एका व्हिडिओने काय होतं.

उरलं नागपूर. जा. माझं स्पष्ट मत आहे की जावं. पण तेवीस जणांच्या गटावर तुझा कितीही जीव असला तरी त्यांना तू पाहिलेलं नाहीस, हे विसरू नकोस. येणाऱ्या सातही जणांशी आधी व्हिडिओवर बोल. पहिली भेट दुपारी, गर्दीच्या ठिकाणी. रात्री मुक्काम मावशी, आत्या, कुणाकडे तरी ठरवून, शेवटच्या गाडीच्या भरवशावर नाही. तिकिटाचे पैसे मैत्रिणीला लगेच देऊन टाक, उसनवारीत मैत्री नको. मैदानात शिरल्यावर गाणं सुरू व्हायच्या आधी बाहेर पडायच्या दोन वाटा बघून ठेव. मंचाला लागून असलेल्या कठड्याशी उभं राहू नकोस, मागून रेटा आला तर तिथून हलता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोचीच्या विद्यापीठात गाण्याच्या कार्यक्रमाआधी पाऊस आला, पोरं एकदम आत धावली आणि पायऱ्यांवर चेंगरून चौघं गेली. घाबरवायला सांगत नाही. वाट माहीत असली की निवांत गाता येतं, म्हणून सांगते.

घरी मात्र खोटं बोलून जाऊ नकोस. कॉलेजची सहल वगैरे काही नको. बाबांना सांग, गाणं ऐकायला जाते आहे, आणि भाऊ सोबत येतोय. भावाला अजून विचारलं नसशील, मला माहीत आहे. ते मेमरी कार्ड त्याचं होतं ना? निम्मी गाणी केकेची त्यानेच भरली होती ना? ३१ मे च्या रात्री तू मच्छरदाणीत होतीस, तेव्हा तो कुठं होता, काय करत होता, तुझ्या पत्रात एक ओळ नाही. मला त्याच्याबद्दल फार उत्सुकता आहे.

गटात काय लिहू, असं विचारलंस. आज जो काही आकडा असेल तो टाक. आणि लिही, अजून एक तिकीट मिळेल का बघा, मी भावाला घेऊन येते.

ता. क. आगारात जाऊन परतीच्या गाड्यांच्या वेळा लिहून आण. एसटीत तुला अर्धं तिकीट, त्याला पूर्ण. वेचणीचे पैसे त्या हिशोबाने बाजूला काढून ठेव.